दहातले सहा

गेल्या महिन्यात आमच्या चौकात एक फ्लेक्स लागला. डाव्या कोपऱ्यात कोळपे आप्पांचा फोटो, आकाराने साधारण आगपेटीएवढा. उरलेल्या जागेत श्रद्धांजली वाहणारे वीस-बावीस जण, प्रत्येकाचा चेहरा आप्पांच्या दुप्पट. मधोमध लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'अचूक हवामान अंदाज वर्तवणारे आमचे मार्गदर्शक.'

फोटोच्या आकाराचं मला काही वाटलं नाही, आमच्या दौंडात मेलेल्या माणसाला कोपराच मिळतो. पण 'अचूक' या शब्दाने माझं डोकं फिरलं. मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील रेल्वेच्या युनियनमध्ये होते. आमच्याकडे फडताळात अंथरायला, रॉकेलचा डबा पुसायला, पोळ्या गुंडाळायला पत्रकंच असायची, आणि मी अक्षरं जुळवायला शिकले तीही 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' या ओळीवर. मोठ्या कागदावर खोटं छापलेलं मला बघवत नाही. म्हणून हे लिहिते आहे. 

आप्पा अचूक नव्हते. ते जवळजवळ दर आठवड्याला चुकायचे आणि दर आठवड्याला ती चूक खडूने लिहून भिंतीवर टांगायचे. असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि यात मी स्वतःलाही धरते.

रेल्वे कॉलनी संपते तिथे सुगंधाकाकींची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या बाहेरच्या भिंतीवर आप्पांचा फळा असायचा. दर रविवारी सकाळी दहाला ते खिशात दोन खडू आणि ओलं फडकं घेऊन यायचे. वर शीर्षक: 'येत्या आठवड्याचं हवामान'. पण त्याखाली पहिली ओळ हवामानाची नसे. ती असे, 'मागच्या आठवड्यात चुकलं', आणि पुढे यादी. 'बुधवारी वारा पश्चिमेचा लिहिला होता, उत्तरेचा आला.' 'शुक्रवारी ढग आले, मी सांगितले नव्हते.' एकदा लिहिलं होतं, 'गुरुवारी पहाटे धुकं होतं की नाही ते माहीत नाही. झोप लागली.'

यादी झाली की मग नवा आठवडा. दळण टाकून बसलेल्या बायका, शिफ्टला कुरकुंभला निघालेले कामगार, स्टेशनकडे जाणारे पोर्टर असे सगळे तिथे थांबून वाचायचे. वाचून बहुतेक जण चिडायचे, कारण आप्पा पाऊस येईल किंवा येणार नाही असं कधीच लिहीत नसत. ते लिहीत, 'दहातले तीन'. किंवा 'दहातले सात'.

"आप्पा, ते धा-बिस सोडा," एकदा एक सायकलवाला म्हणाला, "मंगळवारी छत्री घिऊ का नगं?"

"दहातले तीन."

"म्हंजी काय, तीन छत्र्या?"

"म्हंजी असे धा मंगळवार आले, तर त्यातल्या तिनात तू भिजशील."

"मला एकच मंगळवार हाय, आप्पा," असं म्हणून तो निघून गेला. आप्पांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आप्पा रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते. अंगाने काटकुळे, निवृत्त झाल्यावरही खाकी पँट, आणि शर्टाचा खिसा खडूने कायम पांढरा. हवामानाचं हे वेड कुठून आलं असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "सिग्नलमधी 'बहुतेक हिरवा' आसं नसतं. सगळा जन्म लाल न्हाईतर हिरवा. रिटायर झालो आन् ठरवलं, आता खरं काय ते बोलायचं. म्हंजी बहुतेक."

त्यांची एक सवय सगळ्या कॉलनीला महाग पडायची. कुणाच्याही घरातून बाहेर पडताना ते आधी आभाळाकडे बघत आणि मग, नजर वरच ठेवून, पायांनी चपला शोधत. सापडेल ती त्यांची. बारशाला, सत्यनारायणाला, कुणाच्या समाचाराला, कुठेही कुणाची चप्पल हरवली की माणसं आधी आप्पांच्या दारात येऊन बघायची. त्यांच्या बायकोने, हौसाकाकींनी, दाराबाहेर एक लाकडी खोकं ठेवलं होतं. त्यात परक्या चपला ठेवलेल्या असत. आप्पा स्वतः वर्षभर एका पायात तपकिरी आणि एका पायात काळी घालून हिंडल्याचं मला आठवतं. दोन्ही डाव्या.

आप्पा जातीने धनगर. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणच्या तोंडापर्यंत जायचे, त्यांच्या वडिलांनी मेंढरं विकून थोडी जमीन केली. गावातल्या लोकांची पक्की समजूत होती की आप्पांना पाऊस रक्तातूनच कळतो. याचा त्यांना भयंकर संताप यायचा. "रक्तातनं कळत आसतं तर फडकं कशाला भिजवलं आसतं?" ते विचारायचे. एक शिक्षक त्यांना कौतुकाने म्हणाले, "पण आप्पा, मेंढरं एका जागी गोळा झाली की पाऊस येतो, हे तुमच्या लोकांचं ज्ञान तर खरं ना?"

"मेंढरं कुत्रं आलं तरी गोळा व्हत्यात," आप्पा म्हणाले.

हे फडकं फळा पुसायचं नव्हे, त्यांच्या यंत्राचा आत्मा. जुन्या खिडकीच्या झडपा जोडून त्यांनी अंगणात एक पेटी केली होती. त्यात दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले. एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला मलमलीची चिंधी बांधलेली, तिचं टोक पाण्याच्या वाटीत. चिंधी ओली राहते, पाणी उडून जातं, म्हणून हा दुसरा थर्मामीटर नेहमी थोडा थंड दाखवतो. हवा कोरडी असेल तर दोघांत अंतर मोठं. हवेत ओल भरली की पाणी उडेनासं होतं आणि अंतर कमी होत जातं. दोघं सारखेच दाखवू लागले की समजायचं, हवेत आता वाफेला जागा उरलेली नाही. मोबाईलवरचा अंदाजही ते बघत, पण म्हणत, "तो आख्ख्या जिल्ह्याचा. आपुन आपल्या गल्लीचं बघायचं."

एका मार्चमध्ये रविवारी सकाळी त्यांनी पेटी उघडली तर दोन्ही थर्मामीटर अगदी सारखे. बाहेर ओठ फुटावेत इतकी कोरडी हवा, आभाळ धुतल्यासारखं निळं. पण आप्पांचा यंत्रावर विश्वास. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'हवेत ओल पूर्ण भरली आहे. दाट ढग. पाऊस दहातले आठ.' आठ हा आकडा कॉलनीने पहिल्यांदाच पाहिला होता. पळापळ झाली. वाळत घातलेले पापड उचलले गेले, कांद्याच्या ढिगांवर ताडपत्र्या पडल्या, एका घरी तर साखरपुड्याचा मांडव सोडून पाहुण्यांना दोन खोल्यांत कोंबलं. आठवडाभर ढगाचा एक पिंजलेला तुकडासुद्धा आला नाही.

पुढच्या रविवारी फळ्यावर होतं: 'मागच्या आठवड्यात चुकलं. वाटीतलं पाणी कोंबडीने प्यालं, चिंधी वाळली, म्हणून दोन्ही थर्मामीटर सारखे दिसले. यात यंत्राची चूक नाही. कोंबडीचीही नाही. मी वाटी पाहिली नाही.'

हौसाकाकी फळ्यापाशी आल्या, वाचलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कोंबडी माजी हाय हे का न्हाई लिवलं? तेवढंच माजं नाव लागलं आसतं कुटंतरी."

साखरपुड्याच्या घरचे लोक मात्र महिनाभर बोलत नव्हते. आप्पा त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले. येताना त्यांच्या व्याह्याची चप्पल घालून आले.

ढग कसा तयार होतो हे आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, आणि ते तिला शाळेत नाही, गिरणीत कळलेलं आहे. दळणाला वेळ लागायचा, आणि थांबलेला श्रोता आप्पांना सोडवत नसे. ते पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्यायचे, तळाला घोटभर कोमट पाणी, त्यात विझवलेल्या काडीचा धूर सोडायचे आणि झाकण घट्ट लावायचे. मग बाटली दोन्ही हातांनी दाबायची आणि एकदम सोडायची. सोडल्याबरोबर आत पांढरं धुकं. पुन्हा दाबली की गायब. सोडली की पुन्हा ढग.

"ऊन पडलं की जमीन तापती," ते सांगायचे, "जमिनीला लागून हवा तापती, हलकी व्हती, वाफ घिऊन वर जाती. वर तिला दाबायला कुणी न्हाई. मग ती पसरती. पसरली की गार पडती, आन् गार पडली की वाफेचं पाणी व्हतं. पर पाण्याला नुसत्या हवेत बसता येत न्हाई. बसायला पाट लागतो. धुळीचा कण, धुराचा कण, ह्यो त्याचा पाट."

"म्हंजी ढगात घाण आसती?" सुगंधाकाकींनी विचारलं. त्या पिठाने भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या असत.

"घाण नसती तर पाऊसच नसता, सुगंधाबाई."

"मग ह्या गिरणीत येवढी धूळ हाय, हितं का न्हाई पडत?"

"हवा वर जायला जागा द्या, पाडतो," आप्पा पत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले.

हे ऐकून त्याच दिवशी मी 'धुळीच्या कणांनो, एक व्हा' असा मथळा असलेलं एक पत्रक लिहिलं आणि आप्पांना दाखवायला नेलं. ते मला 'लेखिकाबाई' म्हणायचे. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग खडू घेऊन उद्गारचिन्हं मोजली. "एकोणीस," ते म्हणाले. "येवढं गरजलं तर पडायला काय उरतं? आन् ह्यात दहातलं किती तुला खरंच ठाव हाय?" मी रागावून घरी आले आणि हिशेब केला. चार निघाले. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता यात्रेचं सांगते.

आमच्या यात्रा कमिटीच्या अध्यक्षांना सगळे तात्यासाहेब म्हणत. वाईट माणूस नव्हे, पण लहानपणापासून त्यांना कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. गिरणीचा गाळा त्यांचाच, म्हणजे फळ्याची भिंतही त्यांचीच. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी यात्रेत त्यांनी बैलगाड्यांची शर्यत ठेवली होती. शिरूर तालुक्यातून नामांकित बैलजोड्या येणार होत्या, बक्षिसाला मोटारसायकल. शर्यत मंगळवारी. रविवारी आप्पांच्या फळ्यावर आलं: 'मंगळवारी दुपारी तीननंतर गडगडाटी पाऊस, दहातले सहा.'

तासाभरात शिरूरहून फोन सुरू झाले. ओल्या मातीत बैल घसरतो, पाय मोडतो. जित्राबावर जीव लावणारी माणसं ती. दोन गाडामालकांनी येत नाही म्हणून कळवलं. तात्यासाहेबांची जीप गिरणीपुढे येऊन उभी राहिली.

"आप्पा," ते गोड आवाजात म्हणाले, "सहा जरा जास्त हुतंय. दोन करा."

"सहा हाय, तात्यासाहेब. दोन दिवस दोन्ही थर्मामीटर जवळ जवळ सरकत्यात. खाली ऊन बी कडक हाय."

"बरं, तीन करा."

"सहा."

"आता तुमचं बी नगं, माजं बी नगं. चार."

"ह्यो काय भाजीबाजार हाय?"

"चार म्हंजी येईल बी आन् न्हाई बी. तुमचं तुमच्यापाशी, माजं माज्यापाशी. आवो, आख्ख्या यात्रेचा परश्न हाय."

"म्हनूनच सहा," आप्पा म्हणाले. "बैलाचा पाय मोडला तर त्याला मी चार सांगू का?"

मग तात्यासाहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरने फळा खिळ्यावरून काढला आणि जीपमध्ये मागच्या सीटवर झोपवला. भिंतीवर फळ्याएवढा चौकोन उरला, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ.

मी त्या रात्रीत 'हवामानाची मुस्कटदाबी' हे पत्रक लिहून काढलं. आप्पांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मंगळवार हुंदे."

मंगळवार झाला. दुपारी दोन वाजता पूर्वेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर चढू लागले. तीनला ऊन गेलं. साडेतीनला वारा सुटला आणि तात्यासाहेबांचे फ्लेक्स फडफडले. मैदानातली सगळी माणसं बैलांऐवजी आभाळाकडे बघत होती, आणि आप्पाही कडेला उभे राहून बघत होते. मग तो सगळा डोलारा आमच्या डोक्यावरून हळूहळू सरकत निघून गेला. एक थेंब पडला नाही. शर्यत दणक्यात झाली. लाउडस्पीकरवाला शर्यतीच्या दर बारीनंतर ओरडत होता, "कोळपे आप्पा जिथं कुठं असतील, त्यांनी कृपया छत्री मिटावी."

संध्याकाळी कळलं की तोच ढग पुढे पुण्याच्या वाटेवर यवतला कोसळला होता. मी धावत आप्पांकडे गेले. "लिहा, यवतला पडला म्हणून."

"मी यवतचं कवा लिवलं हुतं?" ते म्हणाले, आणि वहीत नोंद केली: 'दौंड. पाऊस नाही.'

पुढच्या रविवारी दहा वाजता जीप पुन्हा आली. तात्यासाहेब खुशीत होते. त्यांनी स्वतःच्या हाताने फळा पुन्हा भिंतीवर लावला, सरळ केला आणि मागे सरकून उभे राहिले. गिरणीपुढे बरीच गर्दी जमली होती.

"घ्या तुमचा फळा," ते म्हणाले. "आपलं काय वैर न्हाई. फक्त पैली वळ लिवा. मंगळवारी चुकलं. तुमचीच रीत हाय की."

सुगंधाकाकींनी आतून खडू आणून दिला. त्यांना गाळा टिकवायचा होता, आणि फळाही हवा होता. हौसाकाकी हळूच म्हणाल्या, "लिवा की. आजवर शंबर येळा लिवलंय."

"तवा चुकलो हुतो," आप्पा म्हणाले.

"आन् आता?" तात्यासाहेब.

"सहा लिवलं हुतं. धा लिवलं आसतं तर चुकलो आसतो. उरलेले चार आले."

तात्यासाहेब गर्दीकडे वळले. "म्हंजी पडला आसता तरी ह्ये बरोबर, न्हाई पडला तरी ह्येच बरोबर. आसला धंदा आमाला बी शिकवा, आप्पा. विलेक्शनला कामाला यील." लोक हसले. मीसुद्धा हसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आप्पांनी पिशवीतून वही काढली. "ज्या ज्या दिवशी मी सहा लिवलं, ते सगळे दिवस ह्यात हायत. त्यातल्या कितींत पडला ते मोजा. धापैकी पाच-सात निघाले तर मी बरोबर. धाच्या धा निघाले तरी मी चुकीचा. मग ह्या भिंतीवर काय पायजे ते लिवतो."

"मला वह्या मोजायला येळ न्हाई. एक शब्द लिवा आन् फळा ठिवा."

आप्पा खडू घेऊन फळ्यापाशी गेले. या माणसाने कोंबडीने पाणी प्यायलं तेही लपवलं नव्हतं. झोप लागली तेही लिहिलं होतं. हा शब्द त्यांच्याइतक्या सहज लिहिणारा आख्ख्या तालुक्यात कुणी नसेल. त्यांनी एकदा फळ्याकडे पाहिलं, अगदी वरच्या कोपऱ्यात बोटाने थोडी धूळ पुसली, खडू खिशात टाकला आणि म्हणाले, "न्या."

फळा गेला. तो यात्रा कमिटीच्या कार्यालयात वर्गणीदारांची नावं लिहायला वापरतात असं मी ऐकलं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीने पुण्याला नोकरीसाठी निघाले होते. आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. पावसाळ्यानंतर ते वारले तेव्हा मला यायला जमलं नाही; नंतर आले तेव्हा चौकात तो फ्लेक्स होता.

स्टेशनला जाताना गिरणीवरून वाट होती. दहा वाजत आले होते. आप्पा भिंतीवरच्या त्या उजळ चौकोनाला पाठ लावून, हात मागे बांधून उभे होते आणि दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला सगळं तोंडी सांगत होते. गिरणीचा घरघराट वाढला की थांबत, कमी झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

"मागच्या आठवड्यात चुकलं," ते एकीला सांगत होते. "मला वाटलं हुतं फळा मिळंल. दहातले सात धरले हुते मी. सात लई झाले. आता येता आठवडा."

तेवढ्यात जीप आली. पुढच्या सीटवरून तात्यासाहेबांच्या आई गव्हाचा डबा घेऊन उतरल्या. त्या सरळ आप्पांपाशी गेल्या.

"आप्पा, कुरडया घालायच्यात. दोन दिवस कडक ऊन पायजे. कवा घालू?"

"उद्या घाला, आत्याबाई. मंगळवारपातुर कोरडं. दहातले आठ."

"आन् बुधवारी?"

जीपची काच अर्धी खाली आली. आत स्टिअरिंगवर तात्यासाहेब होते, इंजिन चालूच, नजर समोर रस्त्यावर. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि आवाजही वाढवला नाही. ते म्हातारीच्या कानाशी वाकून बुधवारचं सांगायला लागले.

तात्यासाहेबांनी इंजिन बंद केलं.